ना पातेलं, ना फोडणी, तरी पंगत जोरात

चुलीवर चढवायला पातेलं नाही. फोडणीला तेल नाही, मोहरी नाही, जिरं नाही, मिरची तर कुणी पाहिलेलीसुद्धा नाही. एवढ्या सामानात तुम्ही शंभर माणसांची पंगत उठवाल? पॉलिनेशियातले लोक शेकडो वर्षं उठवत आले, आणि तीही अशी की जेवणाऱ्याने दुपारी आडवंच व्हावं.

हा पॉलिनेशिया प्रशांत महासागरात आहे. नकाशावर वर हवाई, खाली डावीकडे न्यूझीलंड आणि खाली उजवीकडे रापा नुई, म्हणजे ईस्टर बेट, अशा तीन टोकांचा त्रिकोण काढा. त्याची एकेक बाजू सात हजार किलोमीटरच्या आसपास भरते. सामोआ, टोंगा, ताहिती, मार्केसास, कुक बेटं, तुवालू अशी हजाराहून जास्त बेटं त्यात विखुरलेली आहेत. बाकी सगळं पाणी.

आता त्यांच्या परसात डोकावा. अळू, माड, केळी, ऊस, रताळी, कोनफळ, हळद, निरफणस! रत्नागिरीच्या माणसाला वाटेल, शेजारच्या वाडीत आलो. वाणसामान जवळजवळ आपलंच, पण त्यातून उभा राहिलेला स्वयंपाक आपल्या ओळखीचा नाही. सगळी मजा त्यातच आहे.

भांडी होती, सोडून दिली

सुमारे २,८०० वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआच्या किनाऱ्याला पहिली माणसं लागली. पश्चिमेकडच्या बेटांवरून येताना त्यांनी मातीची भांडी घडवण्याची कला सोबत आणली होती. बारीक ठिपक्यांच्या नक्षीच्या त्या भांड्यांना पुरातत्त्वज्ञ ‘लापिता’ म्हणतात. पुढे नक्षी गेली, भांडी साधी आणि जाडजूड झाली, आणि काही शतकांत ती घडवणंच थांबलं. माणसं हवाई आणि न्यूझीलंडपर्यंत पोचली तोवर कुंभारकाम पार विस्मरणात गेलं होतं.

असं का झालं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. कुणी म्हणतं चांगली माती मिळेना, कुणी म्हणतं भांड्याची गरजच उरली नाही. मला दुसरं कारण जास्त पटतं. कंद निखाऱ्याच्या धगीवर भाजायचे आणि मासा पानात गुंडाळायचा, तर हंडी घासत कोण बसेल?

याची मासलेवाईक गोष्ट १७६७ सालची आहे. सॅम्युएल वॉलिस या इंग्रज कप्तानाचं ‘डॉल्फिन’ जहाज ताहितीला लागलं. जहाजावर पाहुणे आले. जहाजाचा डॉक्टर चहासाठी तोटीच्या भांड्यातून पाणी काढत होता. ही काय गंमत म्हणून एका पाहुण्याने स्वतः तोटी फिरवली आणि खाली हात धरला. मग काय, हात पोळला आणि गडी ओरडत नाचायला लागला. पाणी इतकं तापू शकतं, हे त्याच्या गावीही नव्हतं, असं त्या सफरीच्या वृत्तान्तात लिहिलं आहे.

दगडांना ताप येऊ द्या

भांड्याचं काम करतात दगड. सामोआ-टोंगात ‘उमू’, हवाईत ‘इमू’, न्यूझीलंडच्या माओरींची ‘हांगी’, ताहितीत ‘आहिमाआ’. नावं वेगळी, कारभार एकच. लाकडं रचायची, वर दगड रचायचे, जाळ करायचा, दगड रसरशीत तापले की त्यांच्यात अन्न ठेवायचं आणि वरून झाकून वाफ कोंडायची.

दगड मात्र पारखून घ्यावा लागतो. ज्वालामुखीचा, सच्छिद्र बेसाल्ट उत्तम. ओढ्यातला गुळगुळीत दगड दिसायला देखणा, पण आत पाणी मुरलेलं असेल तर तापल्यावर फटाक्यासारखा फुटतो आणि जेवणाआधीच कुणाचा तरी डोळा जायचा. चांगले दगड म्हणूनच जपून ठेवतात आणि पुन्हा पुन्हा वापरतात.

हवाईत खड्डा खणून अख्खं डुक्कर शिजवतात, ते ‘कालुआ’. तापलेले दगड डुकराच्या पोटातही भरतात, म्हणजे आतून-बाहेरून एकदमच शिजतं. खाली ठेचलेले केळीचे सोप, वर टी नावाच्या झाडाची लांबसडक पानं, त्यावर ओली पोती आणि माती. केळीच्या सोपातलं पाणी हीच वाफेची सोय. कित्येक तासांनी उकरलं की मांस बोटांनी धाग्यासारखं सुटतं. मसाल्यात मीठ, बस्स. धुराची चव देतं ते कियावेचं लाकूड. हा कियावे मूळचा हवाईतला नाही, १८२८ साली तिथे लावला गेला. आपल्याकडच्या वेड्या बाभळीचा तो सख्खा भाऊबंद. आपल्याकडे तिच्या नावाने बोटं मोडतात, तिकडे तिच्याशिवाय मेजवानीला रंगत नाही.

न्यूझीलंडच्या रोटोरुआ भागात तर लाकूडसुद्धा जाळावं लागत नाही. जमिनीतूनच वाफ येते. फाकारेवारेवा गावात वाफेवर पेट्या बसवून त्यात मांस आणि भाज्या शिजवतात, आणि उकळत्या कुंडात मक्याची कणसं सोडतात. गॅसचं बिल नाही, सिलिंडरची वाट बघणं नाही.

पुरुषांनो, उठा

सामोआत उमू हे बाईमाणसाचं काम समजत नाहीत. रविवारी उजाडायच्या आत घरातली तरणी पोरं उठतात आणि कामाला लागतात. तिथली उमू खड्ड्यात नसते, जमिनीवरच रचतात.

एकजण नारळ खवायला बसतो. बसकं लाकडी स्टूल, त्याच्या टोकाला दातेरी पातं, स्टुलावर पाय टाकून बसायचं आणि अर्धी वाटी पात्यावर फिरवायची. थोडक्यात, आपली खवणी! खोबऱ्याचा ढीग जमला की तो झाडाच्या सालीच्या मऊ धाग्यांत गुंडाळतात आणि दोन्ही हातांनी असा पिळतात की दंडाच्या शिरा वर येतात. पाणी घालायचं नाही. जे निघतं ते दूध नव्हे, साय. तिला मीठ आणि कांदा लागतो. मग कोवळ्या अळूची चार-पाच पानं तळहातावर एकावर एक घेऊन वाटी करायची, आत ही साय ओतायची, वरून पानं गोळा करून पुरचुंडी वळायची आणि निरफणसाच्या किंवा केळीच्या पानात बांधायची. ही ‘पालुसामी’.

एवढ्यात दगड पांढरे पडलेले असतात. माडाच्या झावळीचा दांडा वाकवून केलेल्या चिमट्याने ते पसरायचे. त्यावर सोललेला अळूचा कंद, हिरवी केळी, अख्खे निरफणस, मासे आणि कडेला पालुसाम्या. वरून केळीच्या पानांचे थर. तासाभराने चर्चची घंटा थांबते, मंडळी घरी येतात आणि ‘तोओनाई’ म्हणजे रविवारचं मोठं जेवण होतं. वाढतातही पोरंच, आधी वडीलधाऱ्यांना. शेजारच्या टोंगात तर रविवार पवित्र आहे असं राज्यघटनेतच लिहिलं आहे. त्या दिवशी दुकानं बंद, कामधंदा बंद. उमूला मात्र सुट्टी नाही.

ही आग आली कुठून, याची सामोआची कथा झकास आहे. भूकंपाचा देव माफुईए पाताळात आग राखून बसलेला. तिइतिइ नावाचा बहाद्दर खाली उतरला, त्याच्याशी झोंबला आणि त्याचा एक हात मोडला. दुसरा तरी ठेव म्हणून देवाने आग देऊन टाकली. माणसाला शिजलेलं अन्न मिळालं आणि देव एका हाताचा झाल्यामुळे धक्केही निम्म्यावर आले. एका दगडात दोन पक्षी म्हणतात ते हेच.

होडीतून आलेली बाग

या बेटांवर माणसाच्या पोटाला लागेल असं मुळात फारसं काही उगवत नव्हतं. जे आहे ते होड्यांतून आलं. हवाईत माणसांनी सोबत आणलेल्या वनस्पतींची संख्या दोन डझनांच्या घरात जाते. फुटवे, कंद, मुळं ओल्या शेवाळात, पानांत गुंडाळून, खाऱ्या पाण्यापासून वाचवत महिना महिना समुद्रावरून नेली. वाटेत एक मोठी लाट आली की अख्ख्या भावी गावाचा बगीचा गेला.

या बोचक्यात हळद होती. ती हजारो किलोमीटर वाहून नेली आणि स्वयंपाकात घातलीच नाही! तिचा उपयोग कापड रंगवायला, अंगाला लावायला, औषधाला आणि धार्मिक विधींना. आमटी पिवळी करायचं सुचलं नाही, कारण आमटीच नव्हती. आल्याचं एक भावंडही नेलं, पण तेही चहात गेलं नाही, त्याच्या बोंडातल्या रसाने केस धुतात. कोकणातली बारतोंडी तिकडे ‘नोनी’ होऊन गेली. तिचं पिकलेलं फळ नासलेल्या चीजसारखं वास मारतं, म्हणून दुष्काळ पडला तरच खायचं, एरवी औषधात. त्याच नोनीचा रस आज महागड्या बाटल्यांत भरून विकतात. काळाचा महिमा.

प्राण्यांत डुक्कर, कोंबडी, कुत्रा आणि न बोलावता आलेला उंदीर. पण सगळे सगळीकडे पोचले नाहीत. न्यूझीलंडला कुत्रा आणि उंदीर तेवढे टिकले, रापा नुईला कोंबडी आणि उंदीर. रापा नुईवर कोंबडीची किंमत एवढी की तिच्यासाठी दगडी खुराडी बांधलेली आजही दिसतात. त्याच बेटावर सोसाट्याचा वारा पिकं झोडपतो, म्हणून दगडी कडी रचून त्यांच्या आत केळी आणि अळू लावत.

अळू हा थोरला भाऊ

हवाईत अळूला ‘कालो’ म्हणतात आणि त्याच्याशी नातं लावतात. कथा अशी: आकाशपिता वाकेआचं पहिलं मूल जन्मतःच मेलेलं निघालं. त्याला पुरलं, तिथून अळूचं रोप उगवलं. दुसरं मूल जगलं, तो पहिला माणूस. दोघांचं नाव एकच, हालोआ. म्हणजे अळू थोरला भाऊ आणि माणूस धाकटा. थोरल्याने पोसायचं, धाकट्याने त्याची मशागत करायची.

आपण अळूच्या पानांवर जीव टाकतो, तिकडे कंदावर. कंद शिजवून लाकडी पाटावर दगडी बत्त्याने कुटतात, पाणी लावत लावत सैल करतात, की झालं ‘पोइ’. करडं-जांभळं, चिकट, ताजं असताना गुळमट. दोन-तीन दिवस ठेवलं की आंबतं, आणि जाणकारांना तेच आवडतं. दाटपणा बोटांत मोजतात. घट्ट असेल तर एका बोटाने उचलता येतं, पातळ असेल तर दोन किंवा तीन बोटं लागतात. बाळाचं पहिलं अन्नही पोइच. आणि शिस्त बघा: पोइचं भांडं पानावर उघडं असेपर्यंत घरात भांडण करायचं नाही, कारण थोरला भाऊ समोर बसलेला आहे. आपल्या सीरियलवाल्यांचा धंदाच बसायचा.

हे पोइ अलीकडे चक्क सरकारी कचाट्यात सापडलं होतं. लाकडी पाटावर हाताने कुटलेलं म्हणजे आरोग्याच्या नियमात न बसणारं, म्हणून त्याच्या विक्रीला अडथळा आला. लोकांनी ओरड केली आणि २०११ साली हवाईच्या विधिमंडळाला त्यासाठी खास कायदा करावा लागला.

पानावरून झालेली क्रांती

जुन्या हवाईत बायका-पुरुषांनी एकत्र जेवणं हा मोठा गुन्हा होता. डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे बायकांना वर्ज्य. मोडलं तर शिक्षा थेट मृत्यूची. बायकांची भट्टी वेगळी, पुरुषांची वेगळी. आता यातली मेख अशी की दोन्ही भट्ट्या पेटवायच्या पुरुषांनीच! सोवळं बायकांवर आणि डबल ड्युटी बुवांवर.

१८१९ साली राजा कामेहामेहा पहिला वारला. गादीवर आला त्याचा विशीतला मुलगा लिहोलिहो. त्याची आई केओपुओलानी आणि त्याच्या बापाची लाडकी राणी काआहुमानू या दोघी ही प्रथा मोडायला निघाल्या होत्या. नोव्हेंबरात मेजवानी भरली, बायकांची पंगत एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे. तरुण राजा उठला, थोडा घुटमळला आणि जाऊन बायकांच्या पंगतीत बसून जेवू लागला. सगळे श्वास रोखून बघत होते. देव कोपला नाही, वीज पडली नाही. शेकडो वर्षांची धर्मव्यवस्था त्या जेवणाने कोसळली, आणि ख्रिस्ती मिशनरी तोवर तिथे पोचलेसुद्धा नव्हते. ते आले पुढच्या वर्षी.

निरफणसापायी बंड

कोकणात आणि गोव्यात ज्याचे काप करतात तो निरफणस हा पॉलिनेशियाचा भात म्हणा, भाकरी म्हणा. आपल्या फणसाचाच चुलतभाऊ. लावून टाकला की पिढ्या जेवतात. मोठं झाड वर्षाला दोनशे फळं सहज देतं. अख्खं फळ निखाऱ्यावर टाकायचं, साल कोळसा झाली की सोलायची, आत पावासारखा मऊ वाफाळता गर.

इंग्रजांनी हे बघितलं आणि त्यांच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. वेस्ट इंडिजच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला याहून चांगलं काय? १७८७ च्या डिसेंबरात विल्यम ब्लाय ‘बाउंटी’ जहाज घेऊन निघाला. ताहितीत पाच महिने मुक्काम करून १,०१५ रोपं चढवली. परतीच्या वाटेवर, २८ एप्रिल १७८९ ला खलाशांनी बंड केलं, ब्लाय आणि अठरा जणांना सात मीटरच्या उघड्या होडीत ढकललं आणि रोपं समुद्रात भिरकावून दिली. ब्लाय पक्का दर्यावर्दी. सुमारे ६,७०० किलोमीटर होडी हाकत तो तिमोरला पोचला. वर हा गडी दुसऱ्यांदा रोपं आणायला गेला, आणि १७९३ साली ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवलीच.

आणि गुलामांनी काय केलं? तोंड फिरवलं. बराच काळ निरफणस डुकरांनाच घालत. आज मात्र सेंट व्हिन्सेंटचा राष्ट्रीय पदार्थ आहे भाजलेला निरफणस आणि तळलेला मासा.

नाक मुठीत धरा

निरफणसाचा हंगाम उसळला की एकदम उसळतो. मग उरलेल्याचं करायचं काय? पानांनी मढवलेल्या खड्ड्यात फळं भरून वरून माती आणि दगड. आत ती आंबतात आणि पिवळट, आंबट लगदा होतो. मार्केसासमध्ये अशा खड्ड्यांतला साठा वर्षानुवर्षं टिके. वादळ आलं, झाडं उन्मळली तरी गाव उपाशी राहत नसे. लागेल तेवढा काढायचा, मळायचा, पानात गुंडाळून भाजायचा.

ताहितीचा ‘फाफारू’ त्याहून जबरदस्त. आधी मासे समुद्राच्या पाण्यात काही दिवस कुजवतात. ते पाणी गाळून घेतात आणि त्यात ताजा मासा मुरवतात. चव छान, म्हणतात. वास मात्र असा की काही घरांत तो अंगणातच खायचा नियम आहे. माओरी लोक मक्याची कणसं पोत्यात भरून आठवडेच्या आठवडे वाहत्या पाण्यात ठेवतात आणि कुजक्या दाण्यांची खीर करतात. पावसाळ्यात ज्यांच्या घरी सुके बोंबील भाजतात त्यांनी तरी नाकं मुरडू नयेत.

समुद्रातली दिवाळी

वर्षातून एकदा, ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरात, पौर्णिमेनंतर आठवडाभराने सामोआत अर्ध्या रात्री लोक जाळ्या आणि बादल्या घेऊन समुद्रात उतरतात. तेव्हा ‘पालोलो’ वर येतो. हा प्रवाळात राहणारा समुद्री किडा. तो स्वतः बिळातच राहतो, अंडी-बीज भरलेला शेपटाकडचा अर्धा भाग तेवढा तोडून वर पाठवतो. हिरव्या-निळ्या शेवयांनी पाणी भरून जातं. उजाडलं की खेळ खलास, त्या विरघळून जातात. आजूबाजूच्या प्रवाळांतले सगळे किडे एकाच रात्री एकाच वेळी हा कार्यक्रम करतात, चंद्रावर नजर ठेवून. लोक कच्चाच खातात किंवा लोणी-कांद्यावर परततात, पावावर पसरून खातात. चव खारट, समुद्राची. गुंतवळासारखं दिसणारं ते काहीतरी तोंडात घालायला पहिल्यांदा हिंमत लागते, पण तिथे शहरात राहणाऱ्या नातेवाइकांना आवर्जून पाठवायची ही भेट आहे.

थंडीत अडकलेले

न्यूझीलंडला पोचलेल्यांचे हाल झाले. साधारण तेराव्या शतकात ही मंडळी उतरली तर बोचक्यातलं निम्मं सामान थंडीने मारलं. नारळ नाही, निरफणस नाही, केळी नाही. अळू आणि कोनफळ कसेबसे उबदार उत्तरेत. तगलं ते रताळं, तेही जमिनीत वाळू-खडी मिसळून माती गरम ठेवली तेव्हा, आणि हिवाळ्यात खड्ड्यांत साठवलं तेव्हा. बाकी पोट भरायला नेच्याची मुळं भाजून ठेचायची आणि गोडासाठी कॅबेज ट्री नावाच्या झाडाचं मूळ. दक्षिण बेटावर त्यासाठी अगडबंब भट्ट्या खणत आणि दीड-दोन दिवस शिजवत, तेव्हा कुठे मुळातल्या पिठूळ भागाची साखर होई.

तिथे ‘मोआ’ नावाचे उडता न येणारे पक्षी होते. काही तर मान वर केली तर माणसाच्या दुप्पट. खायला सापडले आणि दीडशे-दोनशे वर्षांत संपले. पार संपले. निसर्गाशी एकरूप झालेला आदिम माणूस वगैरे वाचताना ही गोष्टही ध्यानात ठेवावी.

न्यूझीलंडच्या अगदी दक्षिणेला राकिउरा बेटाच्या परिसरातल्या लहान बेटांवर अजूनही दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत माओरी कुटुंबं ‘तीती’ या समुद्रपक्ष्याची पिल्लं धरतात. हक्क वंशपरंपरागत. पिल्लं त्यांच्याच चरबीत शिजवून जाड समुद्री शेवाळाच्या फुगवलेल्या पिशव्यांत भरतात. महिनोन्‌महिने टिकतात.

हे रताळं इथे आलंच कसं?

रताळं मूळचं दक्षिण अमेरिकेचं. कोलंबस निघायच्या कितीतरी आधी ते पॉलिनेशियात होतं. कुक बेटांपैकी मांगाइयावर त्याचे जळके अवशेष साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचे मिळाले. म्हणजे ही माणसं अमेरिकेपर्यंत होडी हाकत गेली आणि रताळं घेऊन परतली? की तिकडून कुणी आलं? २०२० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने जनुकांतून दाखवलं की साधारण इसवी सन १२०० च्या आसपास पॉलिनेशियन आणि दक्षिण अमेरिकी लोकांची गाठ पडली होती. कुणी कुणाकडे जाऊन, हा प्रश्न अजून उरलाच आहे. मला विचाराल तर ज्यांना हवाई सापडलं त्यांना अमेरिका चुकली असेल असं वाटत नाही.

पटापट घास

ताहितीची ‘फेई’ केळी. घड खाली लोंबत नाही, आकाशाकडे ताठ उभा राहतो. गर भगवा, कच्चा खायचा नाही, शिजवूनच. खाल्ल्यावर लघवी पिवळीधमक होते, घाबरू नये. चित्रकार पॉल गोगँने १८९१ साली जेवणाचं जे चित्र रंगवलं त्यात हीच लालसर केळी आहेत.

कवा. मिरवेलीच्या कुळातल्या झुडपाची मुळं कुटून पाण्यात कालवायची आणि गाळून प्यायची. दिसायला गढूळ पाणी, चव मातीची. ओठ-जीभ बधिर होतात, मन निवांत होतं. तंटा मिटवायला, पाहुणा आला की, राज्याभिषेकाला, सगळीकडे कवा.

कुत्रा. होय, मेजवानीचं मांस. बेटांवरचे कुत्रे निरफणस, नारळ, कंद खाऊन वाढत. कॅप्टन कुकने १७६९ साली ताहितीत चाखून कबूल केलं की इंग्लिश कोकरानंतर याचाच नंबर.

मीठ. काउआई बेटावर हानापेपेला लाल मातीच्या खाचरांत मीठ पिकवतात. काही घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आहे. हे मीठ विकायचं नाही, असा दंडक. भेट द्या, अदलाबदल करा, पैसे मात्र घ्यायचे नाहीत.

मासळी. हवाईत किनाऱ्यालगत दगडी बांध घालून तलाव करत, अशी शेकडो ठिकाणं होती. बांधाला लाकडी जाळीचं दार. पिल्लं जाळीतून आत येतात, शेवाळ खाऊन धष्टपुष्ट होतात आणि मग त्यांना बाहेर पडता येत नाही. मत्स्यशेती, बिनखर्ची.

पोके. सध्या मुंबई-पुण्याच्या महागड्या हॉटेलांत वाडगाभर मिळतं ते. मूळ पोकेत कच्चा मासा, मीठ, समुद्री शेवाळ आणि भाजून कुटलेला रान अक्रोड. भात, सोया सॉस, अॅव्होकाडो ही सगळी नंतरची भरती. ताहितीचा लिंबू-नारळातला कच्चा मासाही तसाच. त्यातलं लिंबू युरोपियनांनी आणलेलं.

तुवालूचे खड्डे. तिथे सर्वांत उंच जागाही समुद्रापासून पाच मीटरच्या आत. प्रवाळाच्या वाळूत पीक येईना, म्हणून गोड्या पाण्याच्या थरापर्यंत खोल खड्डे खणून त्यात पालापाचोळा कुजवतात आणि ‘पुलाका’ हा अळूचा अवाढव्य भाऊ लावतात. आता समुद्र वर येतोय, खड्ड्यांत खारं पाणी शिरतंय. हे लोक माडाची नीराही काढतात आणि आटवून काकवी करतात.

डब्याचं आक्रमण

एकोणिसाव्या शतकात जहाजांबरोबर खारवलेल्या गोमांसाचे डबे आले आणि बेटांनी त्यांना असं कवटाळलं की लग्नाला, मयताला आजही खोक्यांनी आहेर येतो. न्यूझीलंडचे सामोअन वंशाचे कलाकार मिशेल टफरी यांनी १९९४ साली असेच डबे ठोकून अख्खा बैल उभा केला. तो वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात आहे. हवाईत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून स्पॅम या डबाबंद डुकराच्या मांसाचं खूळ आहे, भाताच्या मुटक्यावर ठेवून, समुद्री शेवाळात गुंडाळून खातात.

पुढचा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: लठ्ठपणा, मधुमेह. अमेरिकेतून येणारी टर्कीची शेपटं, म्हणजे जवळजवळ नुसती चरबी, सामोआने २००७ साली बंद केली. पण जागतिक व्यापार संघटनेत शिरायचं तर बंदी उठवावी लागेल, असं ठरलं, आणि सामोआला ती उठवावी लागली. व्यापाराचे नियम माणसाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा मोठे ठरले, दुसरं काय.

याच्या उलट एक प्रयोग हवाईच्या वायआनाईत झाला. वीस स्थानिक लोकांना तीन आठवडे जुनं जेवण दिलं: पोइ, रताळं, कोनफळ, पालेभाज्या, मासे. हवं तेवढं खा, मोजमाप नाही. सरासरी ७.८ किलो वजन उतरलं. १९९१ साली हा निष्कर्ष छापून आला.

करून बघायचंय?

पालुसामी आपल्या स्वयंपाकघरात सहज जमते. वडीचं अळू घ्या, अगदी कोवळं, देठ आणि जाड शिरा काढून. एका नारळाचं पहिलं दूध पाणी न घालता काढा. मिक्सरला लावून पंचात पिळलं तरी चालेल. बारीक चिरलेला कांदा आणि मीठ. पाच पानांची पुरचुंडी, वरून केळीचं पान, सुतळीने बांधून मोदकपात्रात तासभर. फोडणीचा मोह आवरा, निदान पहिल्या वेळी. लिंबाचे चार थेंब चालतील, कुणी सांगायला येत नाही. आणि तासाच्या आत झाकण उघडू नका. अळू कच्चं राहिलं आणि घसा खाजला, तर दोष सामोआला देऊ नका.